करोडगिरी नाका विकणे आहे

एजंटानं माझ्या घराची जाहिरात केली, ती मला शेजारणीच्या मोबाईलवर वाचायला मिळाली. 'बाजारपेठेलगत जुनी इमारत विकणे आहे. पाडून गाळे काढण्यास अत्यंत योग्य.' सोबत घराचा फोटो, तोही मागच्या बाजूनं, जिथं मी धुणं वाळत घालते. माझं डोकंच फिरलं. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं हाकली आहेत मी, आणि त्या एजंटालाही चौथीला मीच शिकवलेलं. फोन लावला आणि म्हटलं, अर्ध्या तासात वही-पेन घेऊन ये. आला, ओट्यावर मांडी घालून बसला आणि मी सांगितलं ते मुकाट्यानं लिहून घेतलं. 'निजामाच्या काळातला करोडगिरी नाका. दगड-चुन्याचं बांधकाम. राहतं घर. राहणाऱ्यालाच विकणे आहे.' शेवटची ओळ नको बाई, गिऱ्हाईक पळतं, असं त्याचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, पळणारं गिऱ्हाईक आपल्याला नकोच आहे.

करोडगिरी म्हणजे काय, हे आता आमच्या गावातल्या पोरांनाही सांगावं लागतं. निजामाचं राज्य होतं तेव्हा आमच्या गावापासून थोडं पुढं गेलं की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचा मुलूख. कापूस, गूळ, मीठ, कापड, जे काही इकडून तिकडं जाईल त्यावर कर बसायचा. तो घेणारं खातं म्हणजे करोडगिरी, आणि आमचं घर म्हणजे त्या खात्याचा नाका. दोन हात जाडीच्या भिंती, पुढं तीन कमानी, वर सागाच्या तुळया. आणि ओटा असा उंच की नवा माणूस विचारतोच, एवढं जोतं काहून केलं? कारण साधं आहे. बैलगाडी मागं घेऊन ओट्याला लावली की गाडीचा तळ आणि ओट्याची फरशी एका पातळीत यायची. पोतं उचलायचं काम नाही, नुसतं ओढायचं. बांधणाऱ्याला अक्कल होती. ओट्याला सात पायऱ्या आहेत आणि त्या सात पायऱ्यांपायीच आम्हांला घर विकायला काढावं लागलं.

पायऱ्या आड आल्या त्या मिस्तरींच्या. मिस्तरी म्हणजे माझा नवरा. सगळा गाव त्यांना मिस्तरी म्हणतो म्हणून मीही म्हणते, आणि सगळा गाव मला बाई म्हणतो म्हणून तेही बाईच म्हणतात. जन्मभर उकिडवं बसून लोकांच्या भिंती बांधल्या आणि म्हातारपणी दोन्ही गुडघे गेले. पायऱ्या उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस. पुण्याहून पोरगा म्हणाला, ओटा फोडून उतार बांधा. मिस्तरींनी एका वाक्यात विषय संपवला, ओटा फोडायचा तर आधी मला उचला म्हणाले. वर्षभर भांडलो. शेवटी बाजारामागच्या गल्लीत जमिनीलगतच्या दोन खोल्या बघितल्या, दिवाळीपर्यंत घेतो असा त्या मालकाला शब्द दिला आणि घर विकायला काढलं. मिस्तरींची एकच अट होती. घर उभं राहिलं पाहिजे. माझीही तीच होती, मी ती जरा मोठ्या आवाजात सांगत होते एवढंच.

या अटीमागं काय आहे ते सांगते. माझे सासरे याच नाक्यावर हमाल होते. याच ओट्यावरून त्यांनी पोती ओढली, पण आमच्या वस्तीतल्या माणसानं दारातून आत पाऊल टाकायचं नाही असा रिवाज होता. हुकूम खिडकीतून मिळायचा, पाणी वरून ओंजळीत. निजाम गेला, नाका बंद झाला, इमारत सरकारकडं आली. काही वर्षं तिथं धान्याचं गोदाम होतं, मग नुसतंच कुलूप. मग लिलाव निघाला. गावात बोलत होते की साप आहेत, वास्तू धड नाही, किती जणांची हाय लागलेली जागा ती. आमी बौद्ध माणसं, वास्तू-बिस्तू मानत न्हाई, आणि साप म्हणाल तर मिस्तरींना दोनच सापडले. माझी नोकरी तेव्हा नुकती कुठं पक्की झाली होती. आमच्याशिवाय बोली लावायला दुसरं कोणी फिरकलंच नाही.

कागद हातात पडला त्या दिवशी सासऱ्यांना सायकलवर बसवून आणलं. पायऱ्या चढले, दारातून सरळ आत गेले आणि पावतीच्या खिडकीमागं जिथं कारकुनाची गादी असायची, तिथं खाली बसले. मला म्हणाले, "पोरी, पानी आन. तांब्यात आन." मी आणलं. सगळा तांब्या प्याले आणि पालथा घालून बाजूला ठेवला. आजही हे सांगताना माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू.

नाक्याचं घर करायला आम्हांला नऊ वर्षं लागली. दिवसभर मिस्तरी लोकांची घरं बांधायचे, मी शाळेत. आमचं काम रविवारी, नाहीतर संध्याकाळी उजेड असेपर्यंत. गावात तोवर सगळीकडं सिमेंट आलं होतं. पण मिस्तरींचा उस्ताद जुना माणूस, त्यानं शिकवून ठेवलं होतं की चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो. मग मागच्या अंगणात चुना मळायची घाणी केली. गोल चर, चरात दगडी चाक आणि चाकाला उसना बैल. बैल मिस्तरींना अजिबात जुमानायचा नाही, मला जुमानायचा. म्हणून पोरगं लिंबाला झोळीत टांगायचं आणि बैलामागं मी फिरायचं, तोंडानं पाढे म्हणत, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात तेच घ्यायचे असत. चुन्यात विटांची सुरकी, म्हणजे भुकटी जायची, गुळाचं पाणी जायचं, बेलफळाचं पाणी जायचं. बाया हसायच्या की मास्तरीण भिंतीला गूळ चारून राहिली. मी म्हणायची, हसा बापा, पोटभर हसा.

वजनकाट्याची खोली होती तिचं स्वयंपाकघर झालं. तुळईला काट्याचा लोखंडी आकडा होता, त्यालाच पाळणा बांधला, माझी दोन्ही लेकरं त्या आकड्याला झोपली. जप्तीचा माल कोंडायची कोठडी होती, तिला मिस्तरींनी पूर्वेला खिडकी फोडली आणि तिथं आम्ही बुद्धवंदना करू लागलो. पावतीची खिडकी तशीच ठेवली. तिच्यातून मी शिकवणीच्या पोरांना तपासलेल्या वह्या द्यायची, आणि ज्याचा गृहपाठ झाला नसेल त्याला आत बोलवायची. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीतले कूलर घरघरतात आणि आमच्या हॉलमध्ये दुपारी चादर लागते. थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच.

तर जाहिरात बदलली आणि माणसं बघायला येऊ लागली. एकानं विचारलं, कमानीत शटर बसतं का. एक बाई म्हणाल्या, जुनाट दिसतंय पण टाइल्स लावल्या की झाकून जाईल. नरसीकडचा एक बागायतदार आला, त्याला हळदीची पोती ठेवायला जागा हवी होती. त्यानं ओट्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि घराकडं बघितलंही नाही. बाजारातला हार्डवेअरवाला तर आतच आला नाही. रस्त्यावरूनच पावलं टाकून दर्शनी बाजू मोजली आणि सगळ्यांत जास्त पैसे देऊ केले. त्याला किती गाळे काढायचे आहेत तेही सांगून गेला. मी त्याला गुळाचा चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग ते कुटुंब आलं. बाई बँकेत, नांदेडहून आमच्या गावाला बदली झालेली, सोबत नवरा आणि दोन मुली. वारंगा फाट्याला पोचलो असा फोन आला तेव्हा मी कांदे चिरायला घेतले, आणि ते दारात उतरले तेव्हा पोहे तयार होते. नवरा गाडी कुठं लागेल ते बघत होता. ती बाई मात्र हॉलमध्ये आली, भिंतीला तळहात लावून उभी राहिली आणि कोणी बांधली म्हणून विचारलं. मिस्तरी म्हणाले, बांधली सरकारनं, राखली आमी. तिला घर आवडलं, ते लपलं नाही. पण माणूस शहाणं. म्हणाली, पावसात घर कसं राहतं ते बघायचंय, दसऱ्याच्या सुमाराला सासूबाईंना घेऊन येते, त्यांनी होकार दिला की घेतलं. मी मनात म्हटलं, ये बाई, आमच्या घराला पावसाचं भ्या न्हाई.

आणि इथं मी माती खाल्ली.

हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खाली हातभर चुना सुटला होता, थोडी ओल दिसायची. दर दोन-चार वर्षांनी सुटतो, मिस्तरी चुन्याचा हात देतात, संपलं. पण ते नेमके मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकीकडं नांदेडला गेलेले, पंधरा दिवसांसाठी. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मला वाटलं, ती सासू येईल तेव्हा घर कसं लखलखीत दिसलं पाहिजे, कुणाची नाक मुरडायची टाप होऊ नये. एजंटानं एक तरुण ठेकेदार आणून उभा केला. त्यानं चार दिवसांत भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, वर पुट्टी, वर मोतिया रंगाचा चकचकीत ऑइल पेंट. शेजारणी बघायला आल्या आणि मी मिरवलं. जी बाई नऊ वर्षं बैलामागं फिरली, तिनं हे केलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

मिस्तरी काळा चष्मा लावून परत आले. दिसत कमी होतं, पण भिंतीला हात लागला आणि थांबले. काय आहे हे, म्हणाले. मी सांगितलं. त्यावर दोन दिवस एक शब्द नाही. ओरडणाऱ्याला मी पुरून उरते, न बोलणाऱ्यापुढं माझं काही चालत नाही.

पोळ्यापर्यंत रंगाला फोड आले. गणपती उठले तोवर ओल जिथं जन्मात कधी गेली नव्हती तिथं, माझ्या डोक्याएवढ्या उंचीला पोचली, आणि वर पांढरा लोणा, म्हणजे खार फुटला. बोट लावलं की पापुद्रे गळायचे. तेव्हा मिस्तरी बोलले. "चुन्याची भित श्वास घेती बाई. आलेली ओल बाहेर टाकती. तू खालून तिचं नाक दाबलंस, आता ती वर तोंड उघडून राहिली."

त्याच आठवड्यात बँकेतल्या बाईचा फोन आला. येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन येतो. मधे चार दिवस. एजंट धावत आला, भिंत बघितली आणि म्हणाला, काही तकलीफ नाही, रंगाचा एक हात मारू आणि पुढं कपाट सरकवू, गिऱ्हाईक काय कपाट हलवून बघतं का? आणि हेही ऐकवलं की हे लोक गेले तर मागं एकटा हार्डवेअरवाला उरतो. ते मला कळत होतं. खोल्यांना शब्द दिलेला, दिवाळी तोंडावर, मिस्तरींना पायऱ्या होत नाहीत. हे कुटुंब हातचं गेलं तर घर त्याच्याच घशात, आणि मग एक दिवस यंत्र येणार आणि तिन्ही कमानी दुपारपर्यंत खाली. सगळं माझ्या मिरवण्यापायी.

कबूल करते, मी कपाट रिकामं केलं. पुस्तकं काढून खाली ठेवली आणि ते अर्ध्यापर्यंत ढकललंही. मग तिथंच जमिनीवर बसले. छत्तीस वर्षं पोरांना काय सांगितलं होतं? चुकलं तर खोडून काळं करू नका, वर सरळ एक रेघ मारा आणि पुढं बराबर लिहा. आणि मी स्वतः काय करून राहिले होते? उठले, कपाट परत जागेवर नेलं आणि मिस्तरींच्या पेटीतून हातोडी आणि छन्नी काढली.

दोन दिवस मी भिंत खरवडली. मिस्तरी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, धूळ जाऊ नये म्हणून काळा चष्मा लावून, नुसत्या आवाजावरून सांगत होते. हळू मार, दगडाला लागून राहिलं. आता पोकळ वाजलं, तिथून उचल. सिमेंट एकटं निघत नव्हतं, मागचा जुना चुना ओढून आणत होतं. माझ्या हातचा चुना तो, पोरगं झोळीत ठेवून मळलेला. ढेकळं खाली पडायला लागली तशी मला रडू फुटलं. मिस्तरी म्हणाले, रड, पण हात थांबवू नको.

रविवारी ते आले तेव्हा भिंत कमरेच्या वरपर्यंत उघडी होती, काळा दगड तेवढा दिसत होता. एजंटानं कपाळाला हात लावला. सासूबाई काठी टेकत सातही पायऱ्या कुणाचा हात न धरता चढल्या, आणि मी त्यांना पाणी द्यायच्या आधीच भिंतीपुढं उभं केलं. सगळं सांगितलं. ओल आधी किती होती, मी काय केलं, कशासाठी केलं, काय झालं. कपाटाचंही सांगितलं. एजंट मागून खुणा करत होता, मी बघितलं नाही.

सासूबाई खुर्चीवर टेकल्या आणि सुनेकडं बघत राहिल्या. सुनेनं माझ्याऐवजी मिस्तरींना विचारलं, आता ही नीट कशी होणार? बस्स, एवढं विचारायचा अवकाश. मागच्या हौदात मिस्तरींनी चुना भिजवून ठेवला आहे, किती वर्षांपासून ते त्यांनाही आठवत नाही, वर कायम पाणी. तिला तिकडं घेऊन गेले, चुन्याचा गोळा काढायला लावला, तो लोण्यासारखा आला. तासभर बोलत होते. लग्नात सुद्धा माझ्याशी एवढं बोलले नव्हते. परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. सासूबाईंनी ते हात बघितले, माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "आता खायला काय केलंय?" मला वाटतं होकार तोच होता.

तिनं एकच गोष्ट मागितली, भिंत मिस्तरींनी पुरी करून द्यावी. मिस्तरींना वाकता येत नव्हतं, म्हणून मी वाकले. ते खुर्चीत, मी भिंतीशी, पुन्हा गूळ, पुन्हा बेलफळ. हार्डवेअरवाल्यानं मधे आणखी वाढवून निरोप पाठवला. चालून आलेली लक्ष्मी लाथाडू नका, असं एजंट म्हणाला. मी त्याला म्हटलं, चौथीत तुला हिशेब शिकवला ही माझी चूक झाली.

चुन्याचा गिलावा झाला की काम संपत नाही. एकवीस दिवस त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, हातानं, हबक्यानं, वरून खाली. पाइप लावला तर गिलावा धुपतो, आणि एक दिवस चुकला तर तडे जातात. इकडं रजिस्ट्रीची तारीख आली ती बाराव्या दिवशी. सह्या झाल्या, सामान नव्या खोल्यांत गेलं. मिस्तरी पायऱ्या उतरले, दहाच्या ठिकाणी पंधरा मिनिटं लागली, कुणाला हात लावू दिला नाही आणि मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं. मला लाज वाटली नाही. नवी माणसं महिनाअखेरीला राहायला येणार होती, म्हणून त्या बाईनं एक किल्ली माझ्याच हातात ठेवली, भिंत वाळेपर्यंत राहू द्या काकू म्हणाली.

मग रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी मी बाजारामागच्या गल्लीतून बादली घेऊन दुसऱ्याच्या घरी पाणी मारायला जायची. रस्त्यात लोक विचारायचे, बाई, घर तर विकलं ना? मी म्हणायची, घर विकलं, भिंत अजून ओली आहे. परत आले की मिस्तरी खडान्खडा विचारायचे. वरच्या कोपऱ्याला पोचलं का, कुठं केसासारखी चीर तर गेली नाही, हात मारला तर कसं वाजतं. त्या दोन खोल्यांत त्यांच्या दिवसाला तेवढंच काम उरलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

सतराव्या दिवशी सकाळी गेले तर दार उघडं. आत ती बाई स्टुलावर उभी, ओढणी कमरेला बांधलेली, हातात तांब्या. भिंत वरपासून खालपर्यंत ओली, एक जागा कोरडी सोडलेली नाही. बँकेत रुजू व्हायला आदल्या दिवशीच आली होती, चटई टाकून एकटीच राहिली होती. झालं काकू आजचं, म्हणाली. चहाला थांबा म्हणाली, पण मला थांबवेना. दारात उभं राहून एकदा सगळी भिंत बघून घेतली. एवढी चांगली भिंत या गावात दुसऱ्या कुणाची नाही, आणि ती माझ्या हातची आहे. डोळे भरून आले होते तरी मान ताठ होती. भरली बादली तशीच घेऊन मी पायऱ्या उतरले.

मिस्तरी दारातच बसले होते. आज लवकर कशी आलीस, म्हणाले.

"मालकिणीनं मारलं होतं पाणी."

त्यांनी भरल्या बादलीकडं बघितलं. मग म्हणाले, "वरून मारलं, का खालून?"

"वरून."

"पाइपानं?"

"न्हाई. हातानं."

"मग उद्यापासून जाऊ नको," मिस्तरी म्हणाले. मी बरं म्हटलं आणि बादली न्हाणीत नेऊन ठेवली.